वस्तीतल्या मुलामुलींचा शनिवारचा वर्ग कसा उभा करावा आणि कसा टिकवावा

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातली एक वस्ती. मंडळाचे दहा-बारा कार्यकर्ते तयार आहेत, नगरपरिषदेचं समाजमंदिर मिळण्यासारखं आहे आणि १२ ते १७ वयाची चाळीसेक मुलंमुली आहेत. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा हातकामाचे आणि जीवनकौशल्यांचे वर्ग चालवायचे आहेत. सुरुवात कुठून करावी, काय शिकवावं, खर्च किती येतो, आणि असे वर्ग दोन-तीन महिन्यांत ओस का पडतात?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात. वर्ग ओस पडतो तो बहुतेक वेळा मुलांना तिथे नुसतं बसून ऐकावं लागतं म्हणून. आठवडाभर शाळेत ऐकलं, शनिवारीही ऐकायचं, तर ती कशाला येतील? प्रत्येक मुलाच्या हाताला दोन तासांत निदान पाऊण तास काम मिळालं आणि घरी सांगण्यासारखं काहीतरी हातून झालं, तर त्याला बोलवायला जावं लागत नाही. म्हणून किती मुलं घ्यायची हे सभागृहाच्या आकारावरून ठरवू नका, हत्यारांच्या संचांवरून ठरवा. दोघांत एक संच हे प्रमाण धरा. दहा संच असतील तर वीस मुलं. चाळीस असतील तर दोन तुकड्या. एकाच वेळी चाळीस बसवून 'पुढच्या वेळी तुमची पाळी' म्हणालात की पुढच्या वेळी पंचवीसच येतात.

दोघांतच एक संच का, तिघांत का नाही? तिघांचा गट केला की एक जण काम करतो, दुसरा धरतो आणि तिसरा बघतो. मुलंमुली एकत्र असतील तर बघणारी आणि वहीत लिहून घेणारी बहुतेक वेळा मुलगीच असते. हे कुणी मुद्दाम करत नाही, आपोआप होतं, म्हणूनच ते मुद्दाम मोडावं लागतं. विजेच्या आणि सायकलच्या कामाला मुलींच्या जोड्या मुलींशीच लावा. अर्धा वेळ झाला की शिट्टी वाजवून हत्यार जोडीदाराच्या हातात द्यायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. स्वयंपाकाला उलटी काळजी घ्या: परातीपाशी मुलगा बसेल, भांडी घासायलाही तोच.

वयाचीही दोन टोकं एकत्र बांधू नका. १२-१४ आणि १५-१७ अशा दोन तुकड्या सोयीच्या पडतात. सतरा वर्षांच्या मुलाला सातवीतल्या पोरांबरोबर बसवलं की तो दुसऱ्या आठवड्यात गायब होतो.

वेळेबद्दल. कार्यकर्त्यांना रविवारची सकाळ सोयीची वाटते, पण मुलींच्या वाट्याला रविवारी सकाळी धुणं, पाणी आणि लहान भावंडं असतात. शनिवारी बहुतेक शाळा सकाळच्या असतात, त्यामुळे शनिवारी दुपारनंतरचा वेळ चांगला. पावसाळ्यात चार ते सहा. दिवाळीनंतर सूर्य लवकर मावळतो, तेव्हा साडेतीन ते साडेपाच. मुलींना उजेड असताना घरी पोचता येत नसेल तर आई-वडील पाठवणं थांबवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. शनिवार गावचा बाजारचा दिवस असेल तर दुसरा वार शोधा, कारण बरीच मुलं घरच्या गाडीवर किंवा पालावर बसतात. वार ठरवण्याआधी मुलींना वेगळं बसवून विचारा. चारचौघांत 'सगळ्यांना चालेल ना?' असं विचारलं तर त्या मान डोलावतात आणि येत नाहीत.

वर्ष एकसलग धरू नका. बारा आठवड्यांचा एक टप्पा धरा. पहिला टप्पा जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू केला, गणपतीचा आठवडा सोडला, तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. सहामाही परीक्षा आणि दिवाळी संपल्यावर नोव्हेंबरच्या मध्यापासून दुसरा टप्पा. दहावी-बारावीची मुलं जानेवारीनंतर येणार नाहीत, ते गृहीतच धरा. टप्प्याला शेवट असला की मुलांनाही पूर्ण केल्यासारखं वाटतं आणि शिकवणाऱ्यालाही 'कायमचं गळ्यात पडलं' असं वाटत नाही.

जागेची परवानगी तोंडी घेऊ नका. समाजमंदिर नगरपरिषदेचं असो की ग्रामपंचायतीचं, अर्ज देऊन टप्प्याच्या सगळ्या तारखा लिहून लेखी परवानगी घ्या. सभागृह लग्नाला, बारशाला, दहाव्या-तेराव्याला दिलं जातं. तारखा नोंदलेल्या नसतील तर ऐन वेळी तुमचा वर्ग रस्त्यावर येतो. अशा दिवसासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा आधीच बोलून ठेवा. वर्ग एकदा रद्द झाला की पुढच्या वेळी हजेरी पडते, दोनदा झाला की सावरायला महिना लागतो. आणि सभागृहाला आतून कडी लागणारं, पाणी आणि झाकणाचा कचऱ्याचा डबा असलेलं स्वच्छतागृह नसेल तर हत्यारं नंतर, आधी ते करून घ्या. ते नसेल तर महिन्यातले काही दिवस मुली येणार नाहीत आणि कारणही सांगणार नाहीत.

आता काय शिकवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी मांडली: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, चिकित्सक आणि सर्जनशील विचार, संवाद, नातेसंबंध, स्वतःची ओळख, समानुभूती, भावना आणि ताण हाताळणं. यादी चांगली आहे, पण तिच्यातला एकेक शब्द फळ्यावर लिहून त्यावर तास घेण्यात अर्थ नाही. 'समानुभूती' या विषयावर भाषण ऐकून कुणी समंजस होत नाही. दोघांत एकच पाना असताना तो मागून घेणं, चुकलेला जोड उलगडून पुन्हा करणं, ५०० रुपयांत वीस जणांचा नाश्ता बसवणं यातून ही कौशल्यं येतात. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाची रचना बघण्यासारखी आहे: आठवड्याचा एक दिवस प्रत्यक्ष काम, शिकवायला गावातलेच कारागीर, आणि अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग. वस्तीच्या वर्गाला एवढा पसारा पेलणार नाही, पण गाभा तोच ठेवावा.

पहिल्या टप्प्याच्या बारा वर्गांची वाटणी अशी करा: सायकल दोन, वीज तीन, प्रथमोपचार तीन, स्वयंपाक आणि गॅस दोन, पैशाचे व्यवहार दोन. सायकलने सुरुवात करा. धोका कमी, खर्च कमी आणि फळ लगेच दिसतं.

पंक्चर काढायला प्रत्येक जोडीला टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, पॉलिश पेपरचा तुकडा, सोल्यूशनची ट्यूब आणि तीन-चार पॅच लागतात. पाण्याचं घमेलं आणि पंप चार जोड्यांत एक चालतो. दुकानातून टाकाऊ ट्यूब मागून आणा. फुकट मिळतात आणि पंक्चर आयतंच असतं. मुलांच्या हातून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सोल्यूशन ओलं असतानाच पॅच दाबतात, त्यामुळे तो सरकतो आणि हवा भरली की सुटतो. बोट लावून चिकटत नाही इतकं ते सुकू द्यायचं, साधारण तीन ते पाच मिनिटं. दुसरी चूक म्हणजे ट्यूब दुरुस्त करतात आणि टायरमधला काटा तसाच ठेवतात. बाभळीचा काटा बाहेरून मोडलेला असतो, आतून टोक निघालेलं असतं. टायरच्या आतून फडकं फिरवून तो शोधायचा, बोट फिरवून नाही. तिसरी चूक, टायर परत चढवताना ट्यूब पट्टीखाली चिमटते आणि नवीन पंक्चर होतं. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मग टायर चढवला की हे टळतं. दुसऱ्या वर्गात ब्रेक, चेन आणि वॉलट्यूब.

विजेचे तीन वर्ग हा या टप्प्यातला सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि सगळ्यात काळजीचाही. इथे हेतू मुलांना वायरमन करण्याचा नाही. घरातलं वायरिंग परवानाधारकानेच करायचं असतं. मुलांना वीज कशी वाहते, कुठे जीव जातो आणि बिल कसं वाढतं एवढं कळलं पाहिजे.

प्रत्येक जोडीला साधारण दीड फूट बाय एक फुटाची प्लायवूडची फळी, एक होल्डर, दोन वन-वे स्विच, सहा अँपिअरचं एक तीन पिनचं सॉकेट, एक चौरस मिलिमीटरची लाल, काळी आणि हिरवी वायर प्रत्येकी दीड मीटर, स्क्रू ड्रायव्हर आणि वायर सोलायचा चिमटा द्या. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. बऱ्याच नव्या उपकरणांत फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळी असते, तेही दाखवा. दोन जोडण्या करायच्या: स्विचवर चालणारा दिवा आणि स्विचवर चालणारं सॉकेट. सॉकेट समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल.

मुलांच्या हाती २३० व्होल्ट कधीच द्यायचे नाहीत. जोडणी पूर्ण झाली की मल्टिमीटरच्या बझरवर किंवा सेल आणि छोट्या बल्बवर ती तपासायची. मग फळी शिक्षकाच्या टेबलावर जाते. त्या टेबलाचा पुरवठा ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणाऱ्या स्विचमधून) घेतलेला असावा आणि मध्ये सिरीज बोर्ड असावा, म्हणजे वीज आधी एका बल्बातून जाऊन मगच फळीला मिळेल. सिरीज बोर्डात ६० किंवा १०० वॅटचा जुना, तारेचा बल्बच लागतो. एलईडी चालत नाही. मुलाच्या जोडणीत शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण पेटतो, फ्यूज उडत नाही आणि चूक सगळ्यांना दिसते. तारेचे बल्ब आता सहज मिळत नाहीत, दोन जास्तीचे आणून ठेवा.

सगळ्यात शिकवण्यासारखी चूक म्हणजे स्विच न्यूट्रलमध्ये लावणं. दिवा लागतो आणि विझतोही, म्हणून मुलांना बरोबरच वाटतं. पण स्विच बंद असताना होल्डरमध्ये फेज येतच असतो. शिक्षकाने टेबलावर टेस्टर लावून ते दाखवावं. 'बटण बंद आहे, मग बल्ब बदलायला काय हरकत?' याचं उत्तर मुलांना त्या क्षणी मिळतं, आणि बल्ब बदलण्याआधी मेन स्विच का पाडायचा हे परत सांगावं लागत नाही. बाकीच्या चुका: वायर जास्त सोलल्यामुळे उघडं तांबं स्क्रूबाहेर दिसतं, बारीक तारा पिळ न देता घातल्यामुळे एखादी सुटून शेजारच्या टोकाला चिकटते, स्क्रू सैल राहतो, जोड तापतो आणि काळा पडतो, आणि हिरवी वायर 'ती नसली तरी चालतं' म्हणून लोंबत ठेवली जाते.

तिसरा वर्ग वीजबिलाचा. प्रत्येकाने घरचं बिल आणायचं. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तेवढाच चालला तर ११ च्या आत. २००० वॅटचा गीझर रोज अर्धा तास म्हणजे ३० युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर दर चढतो, म्हणून ९५ आणि १२० मधला फरक मुलांना बिलावरच काढू द्या. हे गणित घरी लगेच बोललं जातं, आणि वर्गाची बाजू घरात मांडायला एक वकील मिळतो.

प्रथमोपचाराचे तीन वर्ग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने किंवा डॉक्टरने घ्यावेत, त्यासाठी आरोग्य केंद्राला पत्र द्या. विषय मोजकेच ठेवा आणि प्रत्येकाची कृती करून घ्या. रक्तस्राव: स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं सलग दाबायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. मुलं दर मिनिटाला उचलून बघतात, म्हणून घड्याळ लावूनच सराव घ्या. नाकातून रक्त: मान मागे नाही, पुढे झुकवायची आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं धरायचा. भाजणं: वीस मिनिटं वाहतं थंड पाणी, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. जुलाब: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरला तर मीठ जास्त होतं आणि लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चमचा सुरीने सपाट करायला लावा.

सर्पदंशाला वेगळी वीस मिनिटं द्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावं आणि चित्रं. चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. माणसाला झोपवून शांत ठेवायचं, चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही, अंगठ्या-जोडवी-पैंजण काढायचे आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात थेट न्यायचं. १०८ ला फोन. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं यावरून संशय घ्यायचा. देवळात किंवा मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही, हे परिचारिकेने स्पष्ट सांगावं. तिच्या तोंडून ते घरापर्यंत पोचतं.

हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याच्या (सीपीआर) सरावासाठी पुतळा नसेल तर पोत्यात घट्ट कोंबलेली चिंध्यांची उशी चालते. तिच्यावर हात सरळ ठेवणं आणि मिनिटाला १०० ते १२० ची लय शिकता येते. पाच-सहा सेंटिमीटर खोलीचा अंदाज मात्र पुतळ्यावरच येतो, तेव्हा एका वर्गापुरता तो मागून आणावा. जिवंत माणसावर सराव करायचा नाही. घशात अडकल्यावर पोटावर द्यायच्या धक्क्यांचंही तसंच: फक्त हात कुठे ठेवायचे ते दाखवायचं.

गावात नदी, शेततळं किंवा विहीर असेल तर बुडणाऱ्याकडे उडी मारायची नाही, हे कृतीने शिकवा. पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये तळाला थोडं पाणी ठेवायचं म्हणजे तो लांब फेकता येतो, झाकण घट्ट लावायचं आणि १५ मीटर दोरी बांधायची. मैदानात रेघ ओढून मुलांना कॅन फेकायला लावा. पहिल्या फेकीत बहुतेकांच्या हातातून दोरीचं दुसरं टोकही सुटतं. ते पायाखाली दाबून धरायला शिकवायचं.

स्वयंपाकात वरण-भात, एक रस्साभाजी आणि भाकरी. वीस जणांना चार शेगड्या आणि चार तवे हवेत, नाहीतर निम्मी मुलं रांगेत उभी राहतात. ज्वारीचं तीन किलो पीठ पुरतं. पीठ ताजं दळून आणा. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापतानाच कडेने फाटते आणि मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. कढत पाण्याने मळायला लावा. गॅस जोडणं-काढणं याच वर्गात. सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर 'ए', 'बी', 'सी', 'डी' यापैकी एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, याप्रमाणे. ही पुढच्या तपासणीची मुदत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेचं कोणतंही बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन.

पैशाच्या पहिल्या वर्गात खातं आणि यूपीआय. दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतः बचत खातं चालवता येतं. एकच वाक्य पक्कं करा: पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही; पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या वर्गात हप्ता. पंधरा हजारांचा मोबाइल, १४५० चे बारा हप्ते. एकूण १७,४००, म्हणजे व्याज २४००. दुकानदार म्हणेल १६ टक्के. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज पूर्ण पंधरा हजारांवर वर्षभराचं लावलेलं असतं. घटत्या रकमेवर काढलं तर हा दर वर्षाला २८ टक्क्यांच्या आसपास जातो. वर प्रक्रिया शुल्क वेगळं. हे फळ्यावर महिन्यागणिक मांडा. पंधरा-सोळाच्या मुलांना टक्केवारीचा धडा शाळेत अवघड गेला असेल तरी इथे तो कळतो, कारण मोबाइल त्यांना खरोखर घ्यायचा असतो.

शिकवायला कोण? वस्तीतलाच वायरमन, सायकलवाला, खानावळ चालवणाऱ्या मावशी, बँकमित्र. त्यांना मानधन द्या, निदान अर्ध्या दिवसाच्या मजुरीएवढं. शनिवारची दुपार त्यांची कमाईची असते आणि 'समाजकार्य आहे' म्हणून फुकट बोलावलेला कारागीर दुसऱ्यांदा येत नाही. कारागिराचा हात पटकन चालतो आणि तोंड कमी. म्हणून त्याच्याशेजारी एक कार्यकर्ता उभा करा, ज्याचं काम फक्त थांबवून विचारायचं: 'दादा, हे आधी का घातलंत?', 'इथे चुकलं तर काय होतं?' वर्गाआधी अर्धा तास दोघांनी मिळून ते काम एकदा करून बघावं; सामान कुठे कमी पडतं ते तेव्हाच कळतं.

दोन तासांची विभागणी साधारण अशी: दहा मिनिटं हजेरी आणि एखादा खेळ, वीस मिनिटं दाखवणं, पाऊण ते एक तास हाताने काम, पंधरा मिनिटं प्रत्येक जोडीचं काम तपासणं आणि शेवटची पंधरा मिनिटं आवराआवर. आवराआवर वगळू नका. भिंतीवर फळी लावून प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवा. जिथे रेषा मोकळी दिसते ते हत्यार अजून परत आलेलं नाही. ओरडावं लागत नाही, संशयही घ्यावा लागत नाही.

वयात येण्याचे, पाळीचे, व्यसनाचे, नात्यांचे विषय पहिल्या टप्प्यात घेऊ नका. सात-आठ वर्गांनंतर ओळख आणि विश्वास झाला की मुलं स्वतः विचारतात. दुसऱ्या टप्प्यात आरोग्यसेविकेला बोलावून आधी मुलं आणि मुली वेगळे, मग एकत्र असे दोन वर्ग ठेवा. प्रश्नपेटी ठेवायची तर प्रत्येकाने चिठ्ठी टाकलीच पाहिजे, कोरी असली तरी. नाहीतर पेटीकडे कोण गेलं हे सगळे बघतात आणि पेटी रिकामी राहते. मन फार खचलेल्या मुलासाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक भिंतीवर कायम लावलेला असावा.

सुरक्षिततेचे नियम लेखी हवेत आणि प्रत्येक शिकवणाऱ्याची त्यावर सही हवी. वर्गात नेहमी दोन प्रौढ, त्यातली एक स्त्री. कुणाही प्रौढाने मुलाला बंद दाराआड एकटं भेटायचं नाही, एकेकट्याला मेसेज करायचे नाहीत. निरोप पालकांच्या गटावरच. फोटोंना पालकांची लेखी संमती. एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर ऐकून घ्या, खोदून विचारू नका, आणि पोलिसांना कळवा. २०१२ च्या पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. माणूस मंडळाचा असो, पदाधिकारी असो, 'आपसांत मिटवू' हा मार्ग उपलब्ध नाही. १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक त्यांनाही पाठ असावा.

खर्चाचं. एका टप्प्याला तीन ठिकाणी पैसे लागतात: हत्यारं एकदाच, सामान दर वर्गाला, मानधन दर वर्गाला. हत्यारांची यादी करून वस्तीत फिरवली तर निम्मी वापरलेली पण चांगली हत्यारं देणगीत मिळतात. रोख देणगीपेक्षा ते सोपं जातं. स्क्रू ड्रायव्हर, चिमटे आणि मल्टिमीटर मात्र नवीनच घ्या. खर्च मानधनावर जास्त होतो, त्याचे बारा आठवड्यांचे पैसे टप्पा सुरू होण्याआधी हातात असले पाहिजेत. मुलांकडून टप्प्याचे अगदी थोडे पैसे घ्या, पण नसतील म्हणून कुणाला परत पाठवू नका. ही सवलत कुणाला दिली ते दोघांपलीकडे कळता कामा नये. पहिल्या वर्षी नवीन संस्था नोंदवायच्या मागे लागू नका. मंडळ आधीच नोंदलेलं असेल तर त्याच्या घटनेत शैक्षणिक उपक्रम बसतो का बघा, पावतीपुस्तक वेगळं ठेवा, खात्यावर दोन सह्या ठेवा. सामानाचा हिशेब मुलामुलींतलेच दोघं लिहितील आणि दर चौथ्या वर्गाला सगळ्यांसमोर वाचतील. पैशाचे व्यवहार शिकण्याचा तो तेरावा वर्ग समजा.

उद्घाटन, पाहुणे, हारतुरे, बॅनर यांना पहिल्या टप्प्यात पूर्ण फाटा द्या. पाहुण्याची वाट बघण्यात गेलेला तास मुलांच्या हातचा जातो, आणि बॅनरवर ज्यांचे फोटो नसतात ते नाराज होतात.

सलग दोन वर्ग न आलेल्या मुलाच्या घरी त्या आठवड्यात एकाने जावं, मुलीकडे कार्यकर्तीने. जाब विचारायला नाही, कारण समजून घ्यायला. कारणं बहुधा सोडवण्यासारखी असतात: वेळ, सोबत, वर्गातल्या कुणाचं चिडवणं, लहान भाऊ सांभाळायला कुणी नाही. शाळा सोडून गॅरेजवर किंवा मांडववाल्याकडे काम करणारी पंधरा-सोळाची मुलं या वर्गाला सगळ्यात जास्त लागतात आणि सगळ्यात कमी येतात, कारण त्यांना शाळेसारखं काहीही नको असतं. त्यांना शिकायला नव्हे, सायकल किंवा गाठी-दोर शिकवायला बोलवा. शिकवायला आलेला मुलगा पुढे प्रथमोपचाराला थांबतो.

शिकलेलं तपासायला परीक्षा किंवा प्रमाणपत्र नको. प्रत्येकाच्या नावाचं एक पान असलेली वही ठेवा: घरी काय केलं, तारीख, घरच्यांची सही. 'सिलिंडरची मुदत बघितली.' 'आजीचं पासबुक भरून आणलं.' 'भाकरी केली.' विजेचं एकच बंधन: घरी कुठलाही बोर्ड उघडायचा नाही; मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवणं, हे विजेचं घरकाम.

पहिला टप्पा संपला की त्यातल्या चार-पाच मुलामुलींना दुसऱ्या टप्प्यात सहायक नेमा. हत्यारं वाटणं-मोजणं, जोड्या लावणं, शिट्टी, नवीन मुलांची हजेरी, खेळ हे त्यांच्याकडे सोपवा. वेळापत्रकही त्यांनाच मांडू द्या, मोठ्यांनी फक्त तारखा तपासाव्यात. सतरा पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो. तो भरायचा वर्ग त्यांनीच घेतला तर उत्तम. टेबलावरचा २३० व्होल्टचा पुरवठा, पेटता गॅस आणि समाजमंदिराची किल्ली मात्र त्यांच्यातलं कुणी अठरा वर्षांचं होईपर्यंत मोठ्यांच्याच हातात राहू द्या.